टायरवरचा हात

आमचे हे एसटीच्या मेहकर डेपोत टायर विभागात होते. उभा जन्म टायरमध्ये गेला. कुठेही गाडी उभी दिसली की वाकायचं आणि टायरवरून तळहात फिरवायचा, आधी एका दिशेने, मग उलट. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून बोचरं लागलं, तर चाक तिरकं चालतंय म्हणून समजायचं. माझ्या भाच्याच्या लग्नात यांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीचं टायर बदलायला लावलं होतं. वरात ताटकळली, बँडवाले वैतागले, पण हे हलले नाहीत. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, इतक्या मायेने या माणसाने माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही.

निवृत्त झाल्यावर शैलेशने, आमच्या मुलाने, आम्हाला पुण्याजवळ नेऱ्याला आणलं. त्याची नोकरी हिंजवडीत. मेहकरला चहाच्या टपरीवर चार माणसं सरकून यांना जागा द्यायची; इथे लिफ्टमध्ये कोणी ओळख दाखवेना. हे दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या शेतात उठणाऱ्या इमारती बघायचे. मला फार वाईट वाटायचं.

दोन हजार आठच्या दिवाळीत शैलेशने अमेरिकेला निघालेल्या मित्राची मोठी गाडी घेतली. तिच्या चारही चाकांना एकाच वेळी इंजिनचा जोर मिळतो, ताम्हिणी घाटातल्या चिखलातूनसुद्धा ती निघते, असं तो कौतुकाने सांगत होता. तो स्वतः कंपनीच्या बसने जायचा. त्याने गाडीची दुसरी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावली आणि म्हणाला, "ही बाबांची. मृण्मयीला शाळेत सोडायचं काम तुमचं."

त्या किल्लीने माणूस बदलला. सकाळी उठून दाढी, इस्त्रीचा शर्ट, नातीचं दप्तर खांद्यावर. मृण्मयी पुढच्या सीटवर बसून "आजोबा, हॉर्न" म्हणायची आणि हे कारण नसताना हॉर्न वाजवायचे.

संक्रांतीच्या सुमारास एका बांधकामाजवळ पडलेली सळई टायरमध्ये कडेने घुसली. कडेला चिरलेलं टायर जोडता येत नाही. शैलेशला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. "बाबा, तुम्हीच बघा ना. तुमच्याइतकं कोणाला कळतं?" यांची छाती केवढी फुगली! स्टेपनी लावून आम्ही पिरंगुटला युनूसच्या दुकानात गेलो. तो कारखान्यांच्या बसगाड्यांची टायरं बघायचा, म्हणून यांना तोच पटलेला. तिळगूळ घ्यायचा म्हणून मीही बरोबर होते.

"काका, बाकीचं तीन बी निम्मं झिजल्यात," युनूस म्हणाला. "चारी बदलायचं का?"

"काहून? अजून दोन वर्षं आहेत त्यांच्यात. चांगला माल फेकायचा?"

"तुमी यष्टीतलं मानूस. तुमच्या फुडं आमी काय बोलनार?"

एक नवं टायर घेतलं. यांनी ते पुढे बसवायला लावलं, कारण डेपोत नवा माल नेहमी पुढच्या चाकांना. टायर चांगलं बसलं म्हणून स्वारी खुशीत होती. येताना मला उसाचा रस पाजला, वर "अजून एक घे" असा आग्रह.

थोड्या दिवसांनी गाडी घूंघूं करायला लागली. हे रोज पार्किंगमध्ये वाकून चारही टायरवर हात फिरवायचे आणि कोड्यात पडायचे. दोष सापडेना. सापडणार कसा? एकेक टायर निर्दोषच होतं.

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही सगळे मुळशी धरणाकडे निघालो. शैलेश चालवत होता. माले गावाजवळ जळका वास आला, खालून काडकन आवाज झाला आणि गाडी जागीच अडकली. शेतातली माणसं ढकलायला धावली. त्यांतला एक म्हणाला, "आख्खी गाडीच धरलीया. चाकंच फिरंनात." शेवटी गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून पुण्याला न्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला शैलेशबरोबर हे हट्टाने गेले, मीही गेले. तिथल्या पोरसवदा इंजिनिअरने नीट समजावलं. नवं टायर न झिजलेलं, घेराने मोठं, म्हणून ते कमी फिरतं. झिजलेली तीन लहान झालेली, ती तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरतात. साध्या गाडीत हे खपून जातं. या गाडीत पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारी एक पेटी असते, तिला तो फरक क्षणोक्षणी भरून काढावा लागतो. भरून काढता काढता ती जळाली. मग त्याने विचारलं, "हे एकच टायर कोणी बदललं?"

शैलेश चटकन म्हणाला, "मी."

यांनी मान खाली घातली. मुलाने चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं, असं मला तेव्हाच वाटलं. घरीही तो एवढंच म्हणाला, "जाऊ द्या बाबा." बिल किती आलं, तेसुद्धा आम्हाला कोणी सांगितलं नाही.

गाडी चार नवी टायरं घालून परत आली. खिळ्यावरची किल्ली मात्र गायब. जान्हवी म्हणाली, "आई, मृण्मयीला व्हॅन लावली आहे. बाबांना उगाच दगदग." सून वाईट नाही, मायेनेच बोलली, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शैलेशला गाठलं. "किल्ली कुठे आहे?"

"सर्व्हिसिंगला दिली होती, तिकडेच राहिली वाटतं."

खोटं बोलताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, अगदी लहानपणापासून. मी पुढे बोलणार तेवढ्यात यांनी मला हाताने खुणावलं, असू दे. त्यानंतरही काही दिवस हे सकाळी दाढी करून तयार व्हायचे. मग तेही सोडलं. पार्किंगमधून जाताना हात पाठीमागे बांधून जायचे, कुठल्या गाडीकडे बघायचे नाहीत. मृण्मयीने एकदा विचारलं, "आजोबा, तुम्ही का नाही सोडत मला?" म्हणाले, "माझे डोळे कमजोर झाले, बेटा." या माणसाला अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येतो.

खंडेनवमीला शैलेशने गाडी धुतली. जान्हवीने ताट आणलं. ताटात हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि ती दुसरी किल्ली. शैलेशने ताट यांच्यापुढे धरलं. "बाबा, पूजा तुम्हीच करा. आणि ही किल्ली घ्या."

यांनी किल्लीला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि ती परत ताटात ठेवली.

"बाबा, पुढचं टायर जरा हात फिरवून बघता का? मला काहीतरी वाटतंय."

"मला त्यातलं कळत नाही रे," हे शांतपणे म्हणाले. "सर्व्हिसवाल्यांना विचार."

शैलेशने ताट जान्हवीकडे दिलं. मग स्वतःच वाकला आणि त्याने टायरवरून तळहात फिरवला, एकाच दिशेने. उलटही फिरवायचा असतो, हे मला, स्वयंपाकघरातल्या बाईला, माहीत आहे. हे हात पाठीमागे बांधून बघत होते. त्यांनी त्याला सांगितलं नाही.