खड्ड्यातला साक्षीदार

"उद्या आयतवारी मोजनी हाय!" शनिवारी सांजच्याला बन्सी मुकादम भरावावर उभा राहून बोंबलला. "ज्याच्या नावावर खड्डा, त्यो मानूस खड्ड्यावर हजर पायजे. नसंल त्याचा खड्डा मोजला जानार न्हाई. मागनं माझ्या नावानं वरडायचं न्हाई."

बोलला सगळ्या कामाला, बघत होता आमच्याकडं.

साल त्र्याहत्तर. मिरजगावच्या अलीकडं आमच्या शिवारात पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललेलं. टिकाव मारला की मुरमातून ठिणगी उडायची आणि फुफाटा नाकातोंडात जायचा. आमची टोळी पाचजणांची. शांतवनमामा, राहेलमामी, मी, माझी बायको आणि माझी सासू. खड्डा मामाच्या नावावर. कामाला सुट्टी बाजारच्या दिवशी. आयतवारी सकाळी आम्ही दोन तास उपासनेला जायचो आणि ते दोन तास ऊन उतरल्यावर भरून काढायचो. बन्सीला ते खुपायचं. त्याआधी दोन महिने मोजणी कधी आयतवारी झाली नव्हती.

मामी टोपलं आपटून पुढं झाली. "मुकादम, आयतवारच बरा घावला तुमाला?"

"मग तुमच्या देवाला सांगा की, बाजारच्या दिवशी येत जा म्हनावं. त्यालाबी भाजीपाला घिऊन जाता यील."

माणसं हसली. शेजारच्या खड्ड्यातला छगनही हसला. चांगला माणूस होता, तरी हसला.

"तुमचा खंडुबा आयतवारच धरून बसलाय," मामी म्हणाली. "दर आयतवारी भंडारा लावून येताय कामावर. त्याला न्हाई वो सांगत बाजारच्या दिवशी यायला?"

आता माणसं बन्सीला हसली. तो काळानिळा झाला. "गव्हाच्या पोत्यासाठी बाटलेली मानसं तुमी! तुमी खंडुबाचं नाव काढू नका."

"कुठंय पोतं? दावा! माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तवापास्नं वाट बघतीय मी पोत्याची."

मामानं तिचा हात धरून तिला मागं ओढलं. मला मामाचाच राग आला.

राग काही त्या दिवसाचा नव्हता. सवलतीचा कागद मागायला कचेरीत गेलो की तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला सवलत नाही. गावविहिरीवर घागर घेऊन गेलो की तुम्ही महार, लांब उभे राहा. पाद्रीसाहेबांनी सहा महिन्यांत तोंड दाखवलं नव्हतं. एस. टी. मिळत नाही म्हणे. आम्ही खडीतून अनवाणी चालत होतो, आणि त्यांना एस. टी. मिळत नव्हती. तरी मामा दर आयतवारी त्या पत्र्याच्या देवळात बाजाची पेटी काढायचा. सात माणसं, फाटका भाता, आणि भजन मात्र असं म्हणायचा की जणू समोर सातशे बसलेत.

घरी येताना मी म्हणालो, "मामा, एक आयतवार ऱ्हाऊ द्या. देव काय खातो का तुमाला?"

"देव न्हाई खात. देव म्हनंल, जा लेकरा, पोटाचं बघ."

"मग?"

"पर हे देव न्हाई मागत, बन्सी मागतुया. आज दिला तर पुढचाबी मागंल. मग एक दिवस इचारंल, पेटी कशाला ठेवलीय घरात?"

"मग बसा पेटी कवटाळून! मी जातो खड्ड्यावर."

"जा," मामा म्हणाला. इतकंच. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आयतवारी ते चौघं देवळात गेले, मी खड्ड्यावर.

आता हे सांगायला हवं. खड्डा खणताना मधोमध हातभर रुंद मातीचा खुंट तसाच सोडतात. मूळ जमीन कुठवर होती ते तो खुंट दाखवतो, आणि ओव्हरशियर त्याच्यावरूनच खोली धरतो. कामावर त्याला साक्षीदार म्हणायचे. आमचा साक्षीदार माझ्या छातीला लागत होता. आठवडाभर पाचजणांनी रक्त ओकून तो उघडा पाडला होता. डोक्यावर वाळलेलं गवतसुद्धा तसंच होतं.

ओव्हरशियर टेप घेऊन आला. "शांतवन कोण?"

"मामा हाय माझा. प्रार्थनेला गेलाय, येईलच. मी टोळीतलाच, योहान."

"नावावर आहे तोच नाही, तर खड्डा कुणाचा कशावरून?"

"साहेब, इथं सगळ्यांना ठावं हाय. हा साक्षीदार उभा हाय की."

"कुठंय?" बन्सी म्हणाला. त्यानं माझ्या हातातली कुदळ घेतली, खाली उतरला आणि कमरेत वाकून तीन घाव घातले. खुंट आडवा झाला. "साहेब, साक्षीदार तर न्हाई हितं. नुसतंच भगदाड हाय."

ओव्हरशियरनं बघितलं. सगळं बघितलं. मग पुढच्या खड्ड्यावर गेला.

मी खोरं उचललं होतं. घातलं असतं मी त्याच्या टाळक्यात. तेवढ्यात मागून मामीनं पदर खोचून मला कवळा घालून आवळून धरलं. उपासना संपवून सगळे धावत आले होते.

मामा खड्ड्यात उतरला. ढेकळं हातानं चाचपली. मग वर बघून म्हणाला, "छगनराव, तुमी हितंच हुता. कुनी पाडला हो?"

छगननं टोपी काढली, झटकली, परत घातली. "आमी आमच्या खड्ड्यात हुतो, शांतवन."

"व्हय," मामा म्हणाला. "खड्डा खोल हाय तुमचा."

बन्सी दात काढत होता. "तुमच्यात साक्ष देत्यात म्हनं देवळात. बोलीव की तुझ्या देवाला साक्षीला."

मामा खड्ड्यातून वर आला. त्यानं टिकाव उचलला आणि शेजारी नवी खूण मारायला घेतली.

घरी मी मामावर तुटून पडलो. "काय मागितलंत आज देवळात? सांगा की!"

"पाऊस मागितला. पाद्रीसायबाची तब्येत मागितली. आन् बन्सीसाठी..."

"बन्सीसाठी?"

"मी न्हाई म्हटलं आमेन त्याला," चुलीपाशी बसलेली मामी म्हणाली. "मी मुकाट बसले हुते."

मोजणी नाही म्हणून मजुरी नाही; तो आठवडा आम्ही तरवट्याचा पाला उकडून काढला. सासू कामावर दोनदा चक्कर येऊन पडली. शनिवार आला. बन्सी पुन्हा भरावावर चढला. "उद्या आयतवारी मोजनी!" आणि थांबला. सगळं काम मामाकडं बघत होतं. मामानं मामीकडं बघितलं, तिच्या हाडांकडं बघितलं, माझ्या सासूकडं बघितलं. त्याचा ओठ हलला. मला कळलं, आता हा मोडणार. आता म्हणणार, येतो.

"आमी येनार न्हाई!"

ओरडणारा मी होतो. माझं मलाच उशिरा कळलं.

"आमी पाचबी जन येनार न्हाई. लाव गैरहजेरी. शाईनं लाव! आन् कशापायी न्हाई आले म्हनून कुनी इचारलं तर सांग, देवळात गेलेत."

बन्सीनं मामासाठी तयारी ठेवली होती, माझ्यासाठी नव्हती.

पाद्रीसाहेबांना दहा वर्षांत जे जमलं नाही ते बन्सीनं कुदळीच्या तीन घावांत केलं. त्या आयतवारी मी सगळ्यांच्या आधी देवळात जाऊन बसलो. पत्रा तापला होता, पोटात काही नव्हतं. मामानं डोळे मिटायला सांगितलं, मी मिटले. आत प्रार्थना नव्हती. शिव्या होत्या, एकापुढं एक, बन्सीला, ओव्हरशियरला, छगनला, आभाळाला. सगळ्या मोजून घातल्या आणि आमेन म्हणालो.

बाहेर आल्यावर मामानं विचारलं, "लई येळ डोळं झाकलं हुतंस. काय बोललास?"

"तुमाला सांगन्यासारखं न्हाई, मामा."

"त्याला सांगितलंस न्हवं?"

"व्हय."

"मग बास," मामा म्हणाला, आणि टिकाव खांद्यावर टाकून कामाकडं चालू लागला.