टेसा वर्गात खात नाही

शाळेची न्याहारी तळघरातल्या जेवणघरातून वर वर्गात आली, तेव्हा व्हर्ना कोम्ब्सला पहिला प्रश्न पडला तो असा, की यामागे कोण आहे?

आधी सगळं सरळ होतं. घंटेआधी जेवणघरात जायचं ते गरजूंनी, आणि तिथे कोण जातं ते अख्ख्या खोऱ्याला ठाऊक असायचं. व्हर्नाने नातीला, टेसाला, कधी त्या जिन्याकडे फिरकू दिलं नव्हतं. आता हजेरी चालू असताना ढकलगाडी दारात यायची आणि प्रत्येक पोराच्या बाकावर दूध, सफरचंद, सीरियलचा कप. सगळ्यांना, फुकट. आणि समोर बाई बसलेल्या.

कोण कसं खातं हे बघायला यापेक्षा चांगली जागा कुठली, असं व्हर्नाच्या मनात आलं. वरच्या आळीतल्या रॅटलिफांची दोन्ही पोरं बालकल्याणवाल्यांनी सरकारी गाडीतून नेली होती, तीही शाळेतल्या कुणीतरी काहीतरी पाहिलं म्हणूनच. टेसाची आई लेक्सिंग्टनला व्यसनमुक्ती केंद्रात होती. पोर व्हर्नाजवळ होती खरी, पण पोरीच्या ताब्याचा कोर्टाचा एकही कागद तिच्याकडे नव्हता. कुणी विचारलं असतं तर पोर गेलीच असती.

म्हणून ती अंधारात उठून बिस्किटं भाजायची, पावासारखी मऊ, वर सॉसेजची घट्ट ग्रेव्ही. टेसा तुडुंब जेवून बसमध्ये चढायची. हुकूम एकच होता, वर्गात घासभरही घ्यायचा नाही.

शाळेच्या स्वयंपाकघरातली ऑर्फा ही तिची चर्चमधली मैत्रीण. न्याहारीची ढकलगाडी तीच वर्गावर्गात न्यायची. रविवारी प्रार्थना संपल्यावर तिने व्हर्नाला पायरीवर गाठलं.

"सगळा वर्ग चघळत असतो आणि तुझी पोरगी हात मांडीत घेऊन बसते. बाईंनी दोनदा विचारलं मला."

"काय विचारलं?"

"हेच, की ती का खात नाही. व्हर्ना, अगं, लपवायला गेलीस आणि दिवा लावून ठेवलास."

व्हर्नाने विषय बदलला. ऑर्फाला बाईंनीच पाठवलं असेल, हा संशय मात्र घरी पोचेपर्यंत पक्का झाला होता.

पुढच्या शनिवारी सकाळी वर्गाच्या बाई, मिस हॉलब्रुक, स्वतः दारात उभ्या राहिल्या. हातात फाईल नव्हती, पिशवी नव्हती. व्हर्नाला तेच जास्त खटकलं. टेसाला कसली ॲलर्जी आहे का, एवढंच विचारायचं होतं, असं त्या म्हणाल्या.

व्हर्नाने त्यांना आत घेतलं. लोणी काढायच्या निमित्ताने फ्रिज उघडला आणि दार तसंच सताड ठेवलं. अंडी, डुकराचं मांस, दुधाचे दोन कॅन, सगळं दिसू दिलं. मग बिस्किट-ग्रेव्हीची बशी पुढे सरकवली.

"मी खाऊन आलेय," बाई म्हणाल्या.

"मग नुसतं बघायला आलात?"

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी काटा उचलला आणि अर्धी बशी संपवली. दाराआड टेसा उभी होती. मग त्यांनी आईबद्दल विचारलं. लेक्सिंग्टनला कामाला आहे, व्हर्ना म्हणाली. बाईंनी मान डोलावली. विश्वास बसला की नाही, ते कळलं नाही.

जाताना त्या ओसरीत थांबल्या. "शाळेत खाल्लं म्हणून घरी खायला नाही असं कुणी समजत नाही, मिसेस कोम्ब्स. खाणाऱ्या मुलांकडे माझं लक्षही नसतं. न खाणाऱ्याकडे जातं. ते माझं कामच आहे."

त्या मनापासून बोलत होत्या, असं व्हर्नाला वाटलं. 'काम' हा शब्द मात्र तिच्या डोक्यातून रविवारभर हलला नाही.

सोमवारी तिने टेसाला एकच बिस्किट वाढलं. बसचे दिवे वळणावर दिसले तेव्हा ती खाली वाकली आणि पोरीच्या कोटाची चेन वर ओढली.

"आज खा वर्गात."

"खरंच, मॅमॉ?"

"हो. पण सावकाश. आठवडाभर पोटात काही गेलं नाही असं नको दिसायला. आणि थोडं टाकून दे."

टेसा गोंधळली. या घरात अन्न टाकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"कितीसं टाकायचं?" तिने विचारलं.

बसचं दार उघडलं.

"बाकीची टाकतात तेवढं," ती म्हणाली. "आधी त्यांच्याकडे बघ."