नमुना माझा, ऑर्डर त्या जहाजाला

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि माझा स्वभाव हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीने साळसूदपणाचा आव आणला. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी, एका बाभळीच्या बुंध्याला मी बांधलेली असते. माझं नाव केराबाई. माझा मालक जोतिराम, त्याच्या आईचं हे नाव. त्याने ते माझ्या पुढच्या टोकाला निळ्या रंगाने मोठ्या हौसेने रंगवून घेतलं होतं. आता त्यातला 'के' तेवढा उरला आहे.

मला अक्कलकोटकडच्या चनमल्लप्पा सुताराने घडवलं. आंब्याच्या फळ्या, बाभळीच्या फासळ्या, सांध्यांत कापूस आणि वरून डांबर. तो कानडीत गुणगुणत काम करायचा आणि फळी जागेवर बसली की तिला शाबासकी दिल्यासारखी थोपटायचा. सुरुवातीला मी मासेमारीची जाळी वाहिली. पुढे शहरातून लोक हिवाळ्यात पक्षी बघायला येऊ लागले, तेव्हा जोतिरामने माझ्यात समोरासमोर दोन बाक बसवले. शाळेची मुलं माझ्यात बसली, नवी लग्न झालेली जोडपी बसली. उतरताना लोक माझ्या कडेवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "काय छान होडी आहे!" ते ऐकून मी इतकी फुगायचे की फळ्या कशा सुटल्या नाहीत याचं मला आजही नवल वाटतं.

मग तलावात जलराणी आली. जलराणी म्हणजे कुण्या ठेकेदाराची मोटारबोट. डोक्यावर छप्पर, छपराला झालर, झालरीवर दिवे आणि पुढे एक भलामोठा कर्णा. एका वेळी चाळीस माणसं गिळायची, तलावाला दोन फेऱ्या मारायची आणि काठावर ओकायची. तिच्या गाण्यांनी पक्षी उडून जायचे, पण माणसं नाचायची. माझ्याकडे कुणी बघेना. जोतिरामचंही पोट भरेना, तेव्हा तो चिंचोळी एमआयडीसीत राखणदारीला जाऊ लागला. रविवार तेवढा माझा. मी जलराणीला मनातल्या मनात सवत म्हणायचे. तुम्ही म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. असतील. पण माझा खरा हेवा अजून पुढेच आहे.

एका रविवारी एक कुटुंब माझ्या बाभळीखाली येऊन बसलं. भवानी पेठेतले टॉवेलवाले शाकीरभाई, त्यांची बायको झीनत आणि मुलगी समरा. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली, माझ्या कडेला पाठी टेकल्या आणि बोलायला लागले. घरात ते दखनीत बोलतात, तुमच्यासाठी मी मराठीत सांगते. खरं तर बोलत नव्हते, ओरडत होते. झीनतला ऐकायला कमी येत होतं. लहानपणापासून तिने टॉवेलच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये काम केलं होतं आणि त्या खडखडाटाने तिचे कान हळूहळू खाल्ले होते. आता ती कानात मशीन घालायची.

विषय होता जहाजाचा. झीनतने आयुष्यात समुद्रावर पाऊल ठेवलं नव्हतं. शाकीरभाईंच्या मनात तिला न्यायचं होतं आणि तेही लवकर. समराने मोबाईलवर दोन जहाजं दाखवली, एक मोठं आणि एक छोटं.

"अब्बा, मोठ्यात दहा मजले हायेत. पोहायचा हौद, बाजार, रोज गाण्याचा कार्यक्रम. छोट्यात काय हाय? पन्नासेक माणसं आणि शांतता. तरी पैसे तिप्पट! शांततेचे पैसे कोण देतं?"

मी वाकून बघितलं. अगबाई! ते छोटं जहाज म्हणे! त्याला छोटं म्हणायचं तर मला काय म्हणायचं, चहाची बशी? पांढरंशुभ्र अंग, पितळी कठडे, खोलीखोलीला खिडकी. पलंगावर टॉवेल घडी घालून त्याचे हंस करून ठेवलेले. मला असा पोटशूळ उठला म्हणता! आजवर माझ्यात कुणी टॉवेल ठेवला असेल तर तो जोतिरामने, ओला, घाम पुसून.

शाकीरभाईंनी मात्र फोटो मोठा करून त्या हंसाकडेच बघितलं. "टॉवेल आपल्या गावचा दिसतो. पण वजन फोटोत कळत नाय. माल हातात आल्याशिवाय मी भाव ठरवत नाय."

मित्रांनो, सोलापूरच्या टॉवेलच्या धंद्यात आधी नमुना जातो. समोरची पार्टी तो भिजवते, पिळते, वाळवते आणि मग ऑर्डर देते. शाकीरभाईंचं सगळं आयुष्य नमुने पाठवण्यात गेलेलं. आता जहाजाचा नमुना सोलापूरला कोण पाठवणार? त्यांनी तलावाकडे बघितलं. जलराणी कर्णा वाजवत माणसं भरत होती. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

"ते मोठं, हे छोटं. चला, नमुना बघून घेऊ."

समराने कपाळावर हात मारला. "अब्बा, लोक हसतील! ही होडी कुटं आणि ते जहाज कुटं!"

"धागा एकच की. पाणी, माणसं आणि आवाज."

आधी ते तिघं जलराणीत बसले. मी काठावरून डोळ्यांत तेल घालून बघत होते. पहिल्या गाण्यालाच झीनतने कानाला हात लावला. दुसऱ्या गाण्याला तिने मशीन काढून पर्समध्ये टाकलं. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, माणसाचा आणि कर्ण्याचाही. फेरी संपली.

"कसं वाटलं?" पुढे चालता चालता, मागे न बघता शाकीरभाईंनी विचारलं.

"मस्त," झीनत म्हणाली.

"भूक लागली का?"

"मस्त."

समरा हसली आणि मग आईच्या मोकळ्या कानाकडे बघू लागली. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस सगळ्याला मस्त म्हणतो. त्यात चूक होण्याची भीती कमी असते.

मग माझी पाळी आली. जोतिराम डब्याने माझ्यातलं पाणी उपसू लागला. "जरा झिरपतंय शेठ, पन बुडत न्हाय. लई इमानी हाय ही." समरा काठावरच थांबली. एका बाकावर शाकीरभाई, समोरच्या बाकावर झीनत, गुडघ्याला गुडघा लागलेला. मी ठरवलं, आज असं चालायचं की पोटातलं पाणीसुद्धा हलू द्यायचं नाही. ह्या माणसांनी ते जहाज विसरलं पाहिजे. मी ना डुलले ना करकरले. तलावाच्या मध्यावर जोतिरामने वल्हं वर घेतलं. जलराणी पलीकडच्या काठाला थांबली होती. झीनतने पर्समधून मशीन काढून कानात घातलं.

मग शाकीरभाई हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाला ते तू मला सगळं सांगितलं नायस."

झीनतने चमकून त्यांच्याकडे बघितलं. तिला ऐकू आलं होतं, ओरडल्याशिवाय. मित्रांनो, कितीतरी वर्षांत त्या माणसाने बायकोला ओरडून सांगता येईल तेवढंच सांगितलं होतं. भाकरी दे, दिवा बंद कर, दार लाव. बाकीचं कसं सांगणार? सगळी गल्ली ऐकायची.

"हळूहळू सगळंच जाईल म्हणाला," झीनत म्हणाली. "वर्ष-दोन वर्षं. मग मशीनचा बी उपयोग नाय."

"मग बोलली का नायस?"

"मला माझाच आवाज कळत नाय. हळू बोलावं म्हणते आणि शेजारची जगदेवी दारात येऊन उभी राहते." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. "कान गेले तर गेले, समराचे अब्बा. तुमचा आवाज विसरले तर?"

शाकीरभाईंनी पाण्यात हात घातला, बाहेर काढला, शर्टाला पुसला. "मग आत्ता भरून घे की," ते म्हणाले.

आणि ते बोलायला लागले. कसला म्हणून क्रम नाही. लग्नात तिचा दुपट्टा खिळ्याला अडकला होता ते, समरा झाली तेव्हा दवाखान्यामागे जाऊन रडले ते, तिला हिरवा रंग शोभतो ते. जोतिराम दुसरीकडे तोंड करून बसला, बिचारा किती वेळ वल्हंच पुसत राहिला. मी श्वास धरून होते. मला वाटलं, जिंकले! नमुना पास!

काठाला लागल्याबरोबर शाकीरभाई समराला म्हणाले, "छोटं जहाज घ्यायचं."

"तिप्पट, अब्बा! आणि नवा माग बसवायचा होता त्याचं काय?"

"पुढच्या वर्षी बसेल. मोठ्या जहाजात तुझी अम्मी आठ दिवस सगळ्याला 'मस्त' म्हणेल. ते स्वस्त नाय, बेटी."

मला आधी काही कळेनाच. मग कळलं. नमुना माझा आणि ऑर्डर त्या जहाजाला! सोलापूरच्या कुठल्याही टॉवेलवाल्याला विचारा, याच्याइतकं जिव्हारी लागणारं दुसरं काही नाही. मी जितकी चांगली चालले तितका त्या पितळी कठडेवाल्याचा फायदा झाला. जरा डुलले असते, जरा जास्त झिरपले असते, तर हे लोक घरी जाऊन चहा पीत बसले असते. करायला गेले एक आणि झालं भलतंच!

ते हिवाळ्यात गेले. मी काठावर बसून त्या जहाजाला शिव्याशाप दिले. त्याला गंज चढो, त्याच्या टॉवेलांना उंदीर लागोत. त्या जहाजाला ते ऐकू गेले नाहीत, हे उघड आहे. उन्हाळा आला, पाणी मागे सरलं, जोतिरामने मला ओढून काठावर उलटी टाकली. पाण्याबाहेर लाकडी होडीचे फार हाल होतात. फळ्या वाळून आकसतात, सांध्यांतला कापूस गळतो, डांबर उकलून पडतं. शेळ्या माझ्या पाठीवर चढायच्या. जलराणीला मात्र नवा रंग मिळाला होता.

पाऊसपाणी होऊन तलाव भरल्यावर एका रविवारी शाकीरभाई आणि झीनत पुन्हा आले.

"कसं हुतं शेठ जहाज?" जोतिरामने विचारलं.

"लई भारी! पैसे वसूल." माझ्या वाळल्या फळ्यांना जणू आग लागली. "ना कर्णा, ना गर्दी. आठ दिवस बोलत होतो. शेवटी घसा बसला, तरी ही म्हणायची, आणखी बोला." मग त्यांचा आवाज उतरला. "बरं झालं गेलो. डॉक्टरानं वर्ष-दोन वर्षं सांगितलेली. घरी आलो आणि चार महिन्यांत सगळं गेलं. आता कायच ऐकू येत नाय तिला."

जोतिराम म्हणाला, "आरारा!" मी माझे सगळे शाप मुकाट्याने मागे घेतले.

"काय बोलताय दोघं?" झीनत मोठ्याने म्हणाली. "इकडं तोंड करून बोला की! मागाच्या शेडमधी आमी बायका ओठांवरच बोलायचो. खडखडाटात आवाजाचा काय उपयोग? मला सगळं वाचता येतं. पण ह्यांचं तोंड घरात एका जागी नसतं. टॉवेल मोजत बोलतात, भिंतीकडं बघून बोलतात." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि त्या जहाजावर सगळ्या खुर्च्या समुद्राकडं तोंड करून. ह्यांना शिकवायचं तर ही होडीच पायजे. हितं समोर बसावं लागतं. पळायला जागा नाय."

"होडी वाळलीया भाभी, सांधं सुटल्यात," जोतिराम म्हणाला आणि मग आठवण होऊन तिच्यासमोर गेला. तोंड मोठं करून, ओठ हलवून त्याने तेच परत सांगितलं.

"मग नीट करा की. आमी पुढच्या रविवारी येतो."

जोतिरामने मला पाण्यात ढकललं आणि चक्क दोन-तीन दिवस बुडवून ठेवलं. फळ्या पाणी पिऊन पुन्हा फुगल्या. मग बाहेर काढून, जरा सुकवून, त्याने सांध्यांत नवा कापूस ठासला आणि वरून गरम डांबर भरलं. चटके बसले, पण कुरकुर केली नाही.

रविवारी ते दोघं पुन्हा माझ्यात बसले, समोरासमोर. तलावाच्या मध्यावर जोतिरामने वल्हं वर घेतलं. शाकीरभाईंनी इकडेतिकडे बघितलं, लाजले, आणि ओठ हलवून काहीतरी म्हणाले. आवाज नाही, कुजबुज नाही, काहीच नाही. झीनतने मान हलवली. "सावकाश. परत." ते परत म्हणाले. आणि झीनत अशी खळखळून हसली की लांबवरचे पक्षी उडाले.

ते काय म्हणाले, मित्रांनो? मला माहीत नाही! आजवर माझ्यात बसून बोललेला शब्द न् शब्द मी ऐकला आहे. हा पहिलाच, जो माझ्या मांडीवर बसून बोलला गेला आणि मला कळला नाही. जहाजाचा हेवा कमी होता की काय, म्हणून आता मला त्या बाईच्या डोळ्यांचा हेवा वाटतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला ऐकू कमी येत असेल तर त्याच्या अंगावर ओरडू नका. उठा, त्याच्या समोर जाऊन बसा, उजेडात, आणि त्याला तुमचं तोंड दिसू द्या. आणि काठावर माझ्यासारखी एखादी उलटी टाकलेली दिसली, तर तिच्या मालकाला सांगा की हिला पाण्यात ठेव. मला तर पाण्यात राहायलाच हवं. येत्या रविवारी ते दोघं पुन्हा येणार आहेत आणि मी शाकीरभाईंच्या ओठांवरून नजर हटवणार नाही. त्या जहाजाला ही भाषा येत नाही. मी ती शिकणार आहे.