तीनशेत मावणारा माणूस

फिटर कारखान्यात मशीनखाली सापडून गेला तेव्हा त्याचा पगार तीनशे होता. मॅनेजरने त्याच्या बायकोला दोन कागद दाखवले. एकरकमी पैसे, नाहीतर दरमहा पूर्ण पगार, ती असेपर्यंत. तिने दुसऱ्या कागदावर सही केली. सगळ्यांनी तिला शहाणी म्हटलं, कारण तीनशेत घर चालत होतं: भाडं, धान्य, दूध, वीज, मुलीची फी.

पहिला पगार घरात आला त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जिन्यावर बूट वाजले. वीस पायऱ्या. तिने दार उघडलं तर कोणी नव्हतं. मागे बाहेरच्या खोलीतली खुर्ची करकरली आणि स्वयंपाकघरातला दिवा आपोआप बंद झाला. माणूस नसलेल्या खोलीत दिवा जळलेला त्याला कधी खपत नसे. आठवडाभर ती घाबरली, मग सवय झाली. मुलीला कधीच काही ऐकू आलं नाही.

आठव्या वर्षी घरमालकाने भाडं वाढवलं. ती शिवणकाम करू लागली, भाडं त्या पैशातून जाऊ लागलं, आणि त्याच महिन्यापासून जिना मुका झाला. पुढे विजेचं बिलही तिच्याकडे आलं. दिवे जळत राहू लागले. मग तिने खात्री करून घेतली. एक महिना बिल त्याच्या पैशातून भरलं: दिवा विझला. पुढच्या महिन्यात स्वतःच्या पैशातून भरलं: जळत राहिला. तेव्हापासून त्याचे तीनशे वेगळ्या डब्यात राहू लागले. धान्य त्या डब्यातून भागेनासं झालं तेव्हा खुर्चीही गप्प झाली.

बेचाळीस वर्षांनी, पगार आणायला जाण्यायेण्याचे बसचे पैसे वजा जाता, तीनशेत चहा, साखर आणि थोडं दूध येत होतं. ती रोज दोन कप ओतायची. दुसरा कप आधी निवायचा. तो एवढाच उरला होता.

कारखाना नुकताच विकला गेला होता. पगाराच्या खिडकीत नवा कारकून होता, हाक मात्र जुनीच.

"बिल्ला एकशे सतरा, फिटर!"

"हजर."

"आजी, तुम्ही फिटर?"

"बेचाळीस वर्षं झाली. तुझ्या आधीच्याने कधी विचारलं नाही."

तो हसला. "यायला-जायला किती लागतात?"

"ऐंशी. एक तारखेपासून दीडशे होणार म्हणतात."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." त्याने एक कागद पुढे सरकवला. "नव्या मालकांना जुनी खाती मिटवायची आहेत. सही केलीत तर सत्तावन्न महिन्यांचे एकदम मिळतील. सतरा हजार शंभर. नाही केलीत तर तीनशे चालू राहतील, तुम्ही आहात तोवर."

"सत्तावन्नच का?"

"तुमच्या वयाला आयुर्मानाचा तक्ता तेवढेच महिने देतो." तो ओशाळला. "तक्ता माझा नाही हो, आजी."

बसचे दीडशे गेले की चहासुद्धा पुरा पडणार नव्हता. आणि मागच्या महिन्याचा तिचा सगळा घरखर्च होता सतरा हजारांवर थोडे. तो एका महिन्यात जे करायचा, त्याला आता सत्तावन्न महिने लागत होते. पण एक महिना का होईना, तो पुरा येणार होता. तिने बाहेर येऊन मुलीला फोन लावला.

"घेऊन टाक, आई. आणि बँकेत ठेव. व्याज तरी येईल."

"बँकेत ठेवून तो माझ्या काय कामाचा?"

"तो कोण?"

"पैसा गं."

तिने सही केली. पुढच्या महिन्यापासून पगार थांबला. चेक यायला दहा आठवडे लागले. तेवढे दिवस चहा शिवणाच्या पैशातला होता आणि दोन्ही कप एकदमच निवत होते.

त्या दहा आठवड्यांत दूध वाढलं, गॅस वाढला, आणि घरमालकाने नव्या वर्षाचं भाडं सांगितलं. एक तारखेला तिने चेकचे पैसे ठेवलेला डबा पुढ्यात घेऊन सगळं त्यातून भरलं. खर्च भरला अठरा हजार. नऊशे कमी पडले. ते तिने शिवणाच्या पैशातून घातले. दुसरा इलाज नव्हता.

सहा वाजून दहा मिनिटांनी ती दाराच्या आत उभी राहिली. बूट वाजले. तिने मोजले. एकोणीस.

बराच वेळ ती विसाव्याची वाट पाहत राहिली. मग दार उघडलं. जिना रिकामा होता. आत खुर्ची करकरली नाही, स्वयंपाकघरातला दिवा जळत राहिला.

दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशीही एकोणीस. तो दारापर्यंत येत होता आणि एक पायरी खाली थांबत होता.

चौथ्या दिवशी तिने सहालाच चहा केला. दोन्ही कप घेऊन ती बाहेर गेली, भिंतीला धरून वरच्या पायरीवर बसली आणि दुसरा कप शेजारी ठेवला. बूट खालून वर आले आणि तिच्या पायांपाशी थांबले.

फोन वाजला. मुलगी होती.

"आई, कुठे आहेस? आवाज घुमतोय."

"जिन्यात."

"या वयात जिन्यात काय करतेस? पडशील. घरात जा बघू."

"जाईन," ती म्हणाली. "अजून सव्वीस दिवस आहेत."

"कसले?"

तिने दुसऱ्या कपाला बोट लावून पाहिलं. तो निवला होता. तिच्या हातातल्या कपातून अजून वाफ येत होती.