एक अंगठा, तीन पेन्सिली

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. आधीच सांगून ठेवतो, मला स्वस्थ बसणे जमत नाही. अंगावर कोरा कागद लावला आणि तासभर कुणी पेन्सिल टेकवली नाही, की मला कसेसेच होते. टेबलावर चहाचा कप वाजला तरी वाटते, आले कुणीतरी.

एका घरात दोन बहिणी होत्या. दोघींना चित्र काढायचा नाद, आणि खोलीत टेबल एकच. वडिलांनी सुताराला सांगितले, एकच फळी कर, पण दोन्ही तोंडांनी गुळगुळीत कर. त्याने हलक्या लाकडाच्या पट्ट्या जोडल्या, रंधा मारला, कडा काटकोनात आणल्या. थोरलीला माझी एक बाजू मिळाली, धाकटीला दुसरी. तेव्हापासून माझी जी उलटापालट सुरू झाली, ती वर्षानुवर्षे थांबली नाही.

थोरली पुढे चित्रकार झाली. माणसांचे हात रंगवावेत तर तिनेच, असे लोक म्हणत. धाकटी यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या कचेरीत लागली. थोरली बघण्यासाठी काढायची. वस्तू कागदावर उतरेपर्यंत आपण ती पाहिलेलीच नाही, असे तिचे म्हणणे. धाकटी काढायची ती दुसऱ्याने बनवावे म्हणून. कधीही न भेटलेल्या कारागिराला एका रेषेचीही शंका राहता कामा नये, हा तिचा हट्ट. थोरलीचा रंग माझ्या कडेला सुकला की धाकटीची पट्टी तिथे अडखळायची, आणि मग दोघी घर डोक्यावर घ्यायच्या. मला दोघींचे कौतुक वाटायचे आणि धास्तीही. टाचण्यांनी त्यांनी माझी चाळण केली आहे.

मग धाकटीच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. थोरलीने मोठा उभा स्टँड घेतला. मला कपाटामागे सरकवले. एक तोंड भिंतीकडे, दुसरे कपाटाकडे. दोन तोंडे असून बोलायची सोय नाही. मला फार एकटे वाटले, आणि त्याहून जास्त चीड आली. बाहेर पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज आला की मी कान टवकारायचो, आणि कुणीतरी नुसता फोन नंबर टिपून घेत असायचे.

एके दिवशी ब्रश धुताना थोरलीच्या हातात काचेची बरणी फुटली. उजवा अंगठा उचलणारी स्नायूची दोरी, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती तुटली. धाकटीची लेक हातांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. तिच्या सरांनी कंडरा जोडली, ती शेजारी उभी होती. घरी येऊन तिने मावशीला स्पष्ट सांगितले, की काही आठवडे अंगठा अगदी नेमका धरून ठेवायला हवा. जोड सुटला तर ब्रश पुन्हा धरता येणार नाही.

अंगठा धरून ठेवणारे तयार आधार, म्हणजे स्प्लिंट, तिला बसेनात. जन्मभर ब्रश धरून थोरलीचा अंगठा जगावेगळा वळला होता. लेकीने ठरवले, गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा आधार आपणच कापून घडवायचा. वाकवायची वस्तू सपाट कागदावर उलगडून काढणे हे तर तिच्या आईचे रोजचे काम. पण खरा हात कागदाशेजारी ठेवून बघायला हवा होता, कॉम्प्युटरच्या पडद्यावर ते होईना. म्हणून मला बाहेर काढले. माझी धूळ पुसली तेव्हा मी हरखून गेलो, पण खोलीत कुणीच हसत नव्हते.

धाकटीने मापे घेऊन सुबक आराखडा काढला. लेकीने त्याबरहुकूम प्लास्टिक कापले, वळवले, मावशीच्या अंगठ्यावर चढवले, आणि थोरलीचा चेहरा पांढरा पडला. आधाराची उंच कड थेट टाक्यांवर रुतली होती. लेकीने झटकन तो काढला. जोड सुटला नव्हता. पण पुन्हा असे झाले तर?

चूक थोरलीने हेरली. "ही तर अंगठ्याची उजवी बाजू. तू ती कागदावर डावीकडे का काढलीस?"

"उजवीकडून दिसणारी बाजू डावीकडेच मांडतात, ताई," धाकटी म्हणाली. "सगळे कारखाने तसंच वाचतात."

"आई, मी कारखाना नाही," लेक म्हणाली. "मी डावीकडची बाजू डावीच समजले."

धाकटीने आराखडा जवळ ओढला. तिच्या रेषेवर आजवर कुणी बोट ठेवले नव्हते.

मग थोरलीने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि माझ्यावर टेकवलेला स्वतःचा उजवा हात काढू लागली. रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण अंगठा कुठून वळतो आणि सूज कुठे आहे, ते त्यांत दिसत होते. धाकटीने त्याच चित्रावर मापे मांडली, बहिणीला जसा हात दिसत होता तशीच. लेकीने लाल पेन्सिलीने कंडरेची वाट आखली आणि जिथे काहीही टेकता कामा नये ती जागा रेघांनी भरून टाकली. तिघींची डोकी एकमेकींना लागत होती. बोलून ज्याचे भांडण झाले असते, ते कागदावर बोट ठेवून मिटत होते. दुसरा आधार नीट बसला.

त्यानंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. आधार निघाला त्या दिवशी तिघी पुन्हा माझ्याभोवती बसल्या. अंगठा पूर्वीसारखा वळत नव्हता. पेन्सिल निसटली, घरंगळली, थोरलीने ती उचलली, पुन्हा निसटली.

"ताई, रेष सरळ नाही आली तरी चालेल," धाकटी हळूच म्हणाली.

"सरळ कशाला हवी? अंगठा काढतेय मी," थोरली म्हणाली आणि काढत राहिली.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. ते कागदावर पडू नये म्हणून तिने खुर्ची मागे घेतली.

मित्रांनो, चित्र येत नाही म्हणून हात मागे घेऊ नका. डॉक्टर व्हा, यंत्रे बनवा, घरे बांधा, काहीही करा, पण काढून बघा. आधार आखायचा होता त्या दिवशी सुंदर चित्र कुणालाच नको होते, तिघींना कळेल असे हवे होते. आमच्यासारख्या बोर्डांना अडगळीत टाकू नका, आणि आपल्या हातांना तर मुळीच नाही. तुमचे दोन्ही हात आज चालत आहेत ना? मग उठा, कागद आणा.