कोरडी टाकी

तपासनीस बाईंनी बोटीच्या संडासाच्या टाकीचं झाकण उघडलं, टॉर्च आत मारला आणि वाकून तळापर्यंत पाहिलं. शेजारी बोटवाला परवाना हातात धरून उभा होता. सकाळपासून बाईंनी दोन बोटींचे परवाने जप्त केले होते. त्यांच्या संडासाची घाण थेट तलावात जात होती. आज आपलाही गेला, तर ऐन हंगामात नवरा-बायकोला घरी हात चोळत बसावं लागणार होतं.

बाईंनी टाकी उपसल्याच्या पावत्या मागितल्या. तीन वर्षांत एकही पावती नव्हती. धक्क्यावर उपसायचा पंप होता, पण हा गृहस्थ कधी तिकडे फिरकलाच नव्हता. मग घाण गेली कुठे? त्याने खरं ते सांगून टाकलं. परवान्यावर लिहिलं होतं, तपासणीला टाकी रिकामी आणि स्वच्छ हवी. तपासणी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून त्याने पहिल्या दिवसापासून संडासाला कुलूपच घातलं होतं. कोरडी टाकी तो दर आठवड्याला पुसून घ्यायचा. एखाद्या प्रवाशाला लागलीच, तर अख्खी बोट काठाला वळवायचा.

बाईंचा काडीचाही विश्वास बसला नाही. असल्या कहाण्या ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांनी कुलूप काढायला लावलं, भांड्यात हिरव्या रंगाची गोळी टाकली आणि पाणी सोडायला सांगितलं. बोटीबाहेर हिरवं दिसलं, तर परवाना रद्द.

त्याने दांडा ओढला. आतल्या नळ्या कुठून कुठे जातात, देव जाणे. सगळं बोट बांधणाऱ्या कारागिराच्या भरवशावर. मग तो, बाई आणि तिकिटं फाडणारी त्याची बायको, तिघंही कठड्यावरून वाकून बघत राहिले. तलावाचं पाणी होतं तसंच राहिलं. टाकीचा तळ मात्र हिरवागार झाला होता.

आता बाईंना हसू आवरेना.

"अहो काका, टाकी भरायलाच असते. फक्त तलावात ओतायची नाही."

त्यांनी परवान्यावर शिक्का मारला. बोटवाला सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच बायको बोलली, तीही त्याच्याशी नाही, बाईंशी.

"तीन वर्षं झाली. सकाळी बोटीवर चढले की संध्याकाळपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. हिला तहान कमीच, असं तो आजवर समजत आला होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. आपली बाटली काढून त्याने झाकण फिरवलं आणि तिच्यापुढे धरली.

फेरीची वेळ झाली होती, प्रवासी चढू लागले होते. तिने तिकिटांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला, बाटली तोंडाला लावली आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली.