फळीवरचा तांब्या

बास गिटारचा आवाज जमला की नाही, हे आमच्या घरात कानाने ठरत नसे. ते तांब्या ठरवायचा. स्वयंपाकघरातल्या फळीवर सासूबाईंचा पितळी तांब्या उपडा असायचा. आमच्या यांनी, मच्छिंद्रांनी, चार तारांतली सगळ्यात जाड तार अंगठ्याने छेडली की आधी माझ्या पोटात काहीतरी हलायचं आणि मग फळीवर तांब्या हूं करायचा.

"बोलला गं निर्मला," हे म्हणायचे, आणि तळणात टाकलेल्या पापडासारखे उलगडायचे.

गिटार आली त्र्याण्णव साली. लग्नात सासऱ्यांनी, म्हस्कूमामांनी, यांच्या वाटणीची मेंढरं वेगळी काढून दिली होती. यांनी ती बेल्ह्याच्या बाजारात विकली आणि पुण्याच्या एका ऑर्केस्ट्रातल्या थकलेल्या वादकाकडून ही लांब दांड्याची, विटकरी रंगाची बास घेऊन घरी, डिंगोऱ्याला आले.

"मेंढरं कुठायत?" मामांनी विचारलं.

"ह्यात हायती, आबा."

"येवढी मेंढरं ह्या फळीत मावली व्हय? मंग वराडत का न्हाईत?"

यांनी वायर जोडून दाखवली. वराडली. मामा उठून ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी त्या वस्तूला कधी नावानं हाक मारली नाही, कधी हात लावला नाही. हे वाजवायला बसले की मामांची पाठ ओट्यावर आणि तोंड डोंगराकडे.

त्या आवाजासाठी यांनी काय नाही केलं! बाजरीच्या लाकडी पेटीत स्पीकर बसवला; बाजरी गेली पोत्यात. माझा भांडी घासायचा स्पंज कापून तारांच्या बुडाशी दाबला, म्हणजे सूर लांबत नाही, मऊ पडतो म्हणे. आणि तारा कधी बदलायच्या नाहीत. "जुन्या चपलेगत असत्यात ह्या, आपल्या मापाच्या झालेल्या. घाम मुरलाय त्यांच्यात," असं सांगायचे. मी म्हणायची, "माझ्या लुगड्यातबी मुरलाय. त्याचं कधी कवतिक न्हाई केलंत." पण खरं सांगते, मंचरच्या यात्रेत गोरखभाऊंच्या ऑर्केस्ट्रात हे मागे अंधारात उभे असायचे आणि सगळं गाणं यांच्या बोटांवर उभं असायचं. गाणारणीकडे बघणाऱ्या लोकांना ते कळत नव्हतं. मला कळायचं.

सन दोन हजारची खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन पूजतात. ते काम मामांचं: लोकर कातरायची कातर, कोयता, कुऱ्हाड आणि लोकर पिंजायची त्यांची कमान. हे कोजागरीचा कार्यक्रम ठरवायला मंचरला गेले होते. मी शेतात, भुईमूग काढायला. दुपारी आले तर अंगणात घोंगडीवर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. आणि मधोमध बास. ओली, चकचकीत, उन्हात उताणी.

"मामा, हीबी धुतली?"

"मंग! वड्यावं नेली, रिठ्यानं घासली, चांगली बुडवून काढली," मामांचा चेहरा नुसता फुलला होता. "सात वर्सं पोराचं प्वाट भरती, तिची पूजा नगं व्हय? तारांवं लई मळ व्हता गं. पिवळं पाणी निगालं."

त्यांनी तिला हळदीची बोटंही ओढली होती. मी झेंडूची माळ ओवायला घेतली. दुसरं काय करणार?

संध्याकाळी हे आले. घोंगडीपाशी थांबले. बासकडे बघितलं, मग बापाकडे. वाकून पाया पडले.

"वाजव की," मामा म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा घरात येऊन समोर बसले.

यांनी वायर लावली. आधी नुसती खरखर, मग काड्यापेटीत माशी कोंडल्यासारखा आवाज. दांड्याच्या पट्ट्यांवर तारा खडखडत होत्या. मामा यांच्या हाताकडे बघत नव्हते. वर फळीकडे बघत होते.

"तांब्या का बोलंना रं?"

म्हणजे सात वर्षं डोंगराकडे तोंड करून हा माणूस तांब्या ऐकत होता.

यांनी वायर सोडवली. "वल धरलीया, आबा. सुकल्यावं बोलंल."

"सुकंल, सुकंल. लोकरबी आतनं उशिरानंच सुकती."

दुसऱ्या दिवसापासून मामांनी रोज सकाळी बास उन्हात ठेवायचा नेम धरला. मग हे तिला पुण्याला घेऊन गेले; तिथल्या कारागिराने आतली तारेची गुंडाळी बदलली, वाकलेला दांडा सरळ केला, नव्या तारा चढवल्या आणि म्हणाला, "वाजेल, पण तोच आवाज मागू नका." घरी आणली, तर मामांनी परत उन्हात ठेवली.

"अहो, सांगा की त्यांना, उन्हानं परत वाकंल," मी म्हणाले.

"सात वर्सं शिवले न्हवते तिला. आता रोज पोटाशी धरून भाईर नेत्यात. ऱ्हाऊ दे."

कार्यक्रमांसाठी यांनी दुसरी बास घेतली आणि मामांना दिसू नये म्हणून मंचरला गोरखभाऊंकडे ठेवली. गोरखभाऊ म्हणाले, "लोकं दुसरी बायको लपवून ठिवत्यात राव, तू गिटार?" हे हसले. त्या दुसरीवर चांगलं वाजवायचे, पण वाजवून घरी आल्यावर पापडासारखे उलगडायचे नाहीत.

पुढच्या प्रत्येक खंडेनवमीला बास घोंगडीवर मधोमधच असायची. मात्र मामा तिला कोरड्या हातानेच पुसायचे. मी तांब्याभर पाणी घेऊन जवळून गेले तरी खेकसायचे, "लांबनं जा!"

दोन हजार सहात मामांनी अंथरूण धरलं. उन्हात बास ठेवायचं काम यांच्याकडे आलं. एका दुपारी मामांनी पाणी मागितलं. मी पेला भरला, तर म्हणाले, "त्या तांब्यातनं दे."

"फळीवरच्या?"

"मंग काय. उगं उपडा कशापायी ठिवायचा? आता न्हाई बोलत त्यो."

हे दारातच उभे होते. मी तांब्या काढला, धुतला, भरला. मामा दोन्ही हातांनी धरून सावकाश पाणी प्यायले. हे अंगणात गेले आणि बास उन्हातून घरात घेऊन आले.